प्रकल्प नोंदी: टोक असलेलं यीस्ट आणि भुकेल्या पेशी (रबाळे, जून ते सप्टेंबर २०२५)

९ जून, सोमवार

नवीन वही. जुनी वही मॅडमच्या कपाटात गेली.

प्रश्न एका वाक्यात: मॅक्रोफेज (बाहेरून आलेलं गिळून टाकणारी पांढरी पेशी) गोल यीस्ट जसं गिळतो, तसंच टोक असलेलं यीस्ट गिळतो का?

हा प्रश्न २००६ सालच्या एका कामातून सुचला. माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकलेले समीर मित्रगोत्री तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराला विद्यापीठात होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनीने पॉलिस्टायरीनचे निरनिराळ्या आकारांचे कण करून मॅक्रोफेजसमोर ठेवले. लांबट, चपटा कण टोकाकडून चिकटला तर पेशी काही मिनिटांत तो गिळून टाकते. तोच कण सपाट बाजूने चिकटला तर पेशी त्याच्यावर नुसती पसरते आणि तासन्‌तास तशीच बसते. म्हणजे कण कोणता यापेक्षा तो कुठून हाताला लागला, याला महत्त्व.

प्लॅस्टिकला कवच नसतं, साखर नसते, वासही नसतो. यीस्टला हे सगळं असतं, आणि यीस्टला टोक काढायला लावणं हे या क्षेत्रातलं सर्वांत जुनं कौशल्य. म्हणून यीस्ट. आधी सपाट प्लेटमध्ये करायचं, मग कोलॅजनच्या (ऊतकात पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रोटीनच्या) जेलमध्ये. पेशी शरीरात काही प्लॅस्टिकच्या फरशीवर राहत नाही.

१२ जून, गुरुवार

यीस्टची जात: बीवाय ४७४१. जगभर हीच वापरतात. हिचं घराणं मजेशीर आहे. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मर्सेड इथे एका सडक्या अंजिरावर मिळालेलं यीस्ट हिचं मुख्य पूर्वज. ठाणे स्टेशनबाहेरच्या फळवाल्याकडेही तसली अंजिरं निघतात, पण त्यांच्यावरून कुणी पेपर लिहीत नाही.

आज अल्फा फॅक्टर दिला आणि फसलं. अल्फा फॅक्टर म्हणजे यीस्टचा 'स्थळ आलंय' असा निरोप. १३ अमिनो आम्लांची साखळी, 'अल्फा' जातीच्या पेशी ती सोडतात आणि 'ए' जातीच्या पेशींना ती कळते. आमची जात 'ए'. ५ मायक्रोमोलर घातला, दोन तास ३० अंशाला हलवत ठेवलं, स्लाइड लावली. सगळ्या पेशी गोल, निम्म्यांना कळ्या, म्हणजे विभाजन चालूच. कुणाला काही निरोप मिळाल्याचं चिन्ह नाही.

चूक माझीच. रात्रभर वाढलेलं दाट कल्चर तसंच वापरलं. 'ए' पेशी बार१ नावाचं एन्झाइम बाहेर सोडतात आणि ते अल्फा फॅक्टर कापून टाकतं. कल्चर दाट असेल तर निरोप पोचायच्या आत फाडला जातो. हे पुस्तकात वाचलेलं होतं. वाचलेलं हातात उतरायला एक दिवस वाया जावा लागतो.

शिवाय पेप्टाइड काचेच्या नळीत ठेवलं होतं. ते काचेला चिकटतं. पीएचडीच्या ताईंनी नळी बघितली, काही बोलल्या नाहीत, प्लॅस्टिकची पुढे सरकवली.

१७ जून, मंगळवार

आज जमलं. सकाळी पातळ केलेलं कल्चर, दोन दुप्पटी होऊ दिल्या (३० अंशाला साधारण दीड तासाला एक), मग अल्फा फॅक्टर. १०० मिनिटांनी स्लाइड.

४० च्या लेन्सखाली मोड आलेली मटकी पसरल्यासारखं दिसतं. एका बाजूला गोल पोट, दुसऱ्या बाजूला बोथट सोंड. अमेरिकेतल्या एका जुन्या चित्रपट्टीतल्या पात्रावरून याला 'श्मू' म्हणतात. लॅबमध्ये क्रियापदही झालंय: "श्मू झाले का गं?"

एका पेशीकडे बराच वेळ बघत बसले. आईला चिकटलेली अर्धवट कळी आहे आणि आई टोक काढत नाहीये. कारण ठाऊक आहे: निरोप आला तरी पेशी चालू असलेलं विभाजन आधी पूर्ण करते, मग थांबते, मग टोक काढते. तरी डोळ्यांनी बघितलं की वेगळंच वाटतं.

ज्युनिअरने विचारलं, यीस्टचा आणि पांढऱ्या पेशीचा संबंध काय. संबंध जवळचा आहे. यीस्टला पाय नाहीत, म्हणून वास जिकडून येतो तिकडे ते वाढतं. पांढऱ्या पेशीला पाय असल्यासारखे आहेत, म्हणून ती तिकडे चालत जाते. दोघींच्या पृष्ठभागावर सात वेळा आतबाहेर शिवलेला रिसेप्टर (निरोप पकडणारं प्रोटीन), त्याच्या आत निरोप पुढे नेणारं जी-प्रोटीन, आणि 'टोक इथे' असं ठरवणारं सीडीसी४२. हे प्रोटीन आधी यीस्टमध्ये सापडलं, मग माणसातही तेच निघालं. ज्युनिअर म्हणाली, म्हणजे चुलत बहिणी. चुलत फार दूरचं झालं, पण चालेल.

२ जुलै, बुधवार

टीएचपी-१ ची कुपी वितळवली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या मानवी पांढऱ्या पेशी. रक्ताच्या कर्करोगाच्या एका वर्षभराच्या मुलापासून १९८० मध्ये ही वंशावळ सुरू झाली. ताजं मानवी रक्त घ्यायचं तर नैतिकता समितीची परवानगी लागते आणि आमची फाइल अजून फिरतेय, म्हणून हा मार्ग.

या पेशी मीडियात (पोषक द्रवात) तरंगतात. त्यांना तळाला चिकटवून मॅक्रोफेज बनवण्यासाठी पीएमए लागतो. हे रसायन मुळात जमालगोट्याच्या तेलात सापडलं. अटेंडंट काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे, त्याने सगळेच जागेवर बसतात." ४८ तास पीएमए, मग २४ तास साध्या मीडियात विश्रांती. विश्रांती टाळली तर पेशी चिडलेल्या राहतात आणि समोर येईल ते खातात. तो आकडा खोटा.

१४ जुलै, सोमवार

सपाट प्लेटवर पहिलं जेवण.

यीस्ट (गोल एका नळीत, श्मू दुसऱ्या) एफआयटीसी या चमकणाऱ्या रंगाने हिरवं रंगवलं, मग फॉर्मल्डिहाइडने मारलं. उकळून मारणं सोपं होतं, पण उकळलं की कवचावरचं मॅनान या साखरेचं पांघरूण सरकतं, खालची बीटा-ग्लुकन ही दुसरी साखर उघडी पडते आणि मॅक्रोफेजचा डेक्टिन-१ रिसेप्टर नेमकं तेच ओळखतो. मग मी आकार मोजत नसते, भूक वाढवत असते. फॉर्मल्डिहाइड धुवायला पाच वेळा सेंट्रीफ्यूज. मान दुखतेय.

अर्धा तास ३७ अंशाला, मग बर्फावर. बाहेर चिकटलेलं आणि आत गेलेलं वेगळं ओळखायला ट्रिपॅन ब्लू. तो बाहेरच्या यीस्टचा हिरवा उजेड विझवतो, आतल्यापर्यंत पोचत नाही. हिरवं उरेल ते पोटातलं. एक प्लेट ४ अंशाला, एकीला सायटोकॅलासिन डी; दोन्हींत पेशी गिळू शकत नाही. दोन्हीकडे जवळजवळ काहीच हिरवं उरलं नाही, म्हणजे युक्ती चालते.

एकूण गिळलेले श्मू गोल यीस्टपेक्षा कमी. लगेच खूश झाले नाही. श्मू मोठे असतात. विभाजन थांबलं तरी पेशी फुगत राहते. मोठा घास कमी जातो, यात टोकाचा संबंध असेलच असं नाही.

२२ जुलै, मंगळवार

वाईट दिवस.

सकाळी टीएचपी-१ चा फ्लास्क काढला. रंग ठीक, लालसर. गढूळपणा नाही. सवयीने मायक्रोस्कोपखाली ठेवला. मोठ्या गोल पेशींच्या मधे बारीक, चकचकीत, अंडाकृती ठिपके. दोन-दोनच्या, तीन-तीनच्या साखळ्या. एकीला कळी.

यीस्ट.

बॅक्टेरिया असते तर मीडिया रात्रीत पिवळा आणि गढूळ झाला असता. यीस्ट फार दाट होईपर्यंत रंग बदलत नाही, म्हणून दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नसावं. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनचा यावर काडीचा उपयोग नाही.

खोलीत पाच जण होते आणि पाचही जणांनी माझ्याकडे बघितलं. साहजिक आहे. अख्ख्या मजल्यावर जिवंत यीस्ट आणि मानवी पेशी दोन्ही हाताळणारी मी एकटी. सकाळी पेशी, दुपारी यीस्ट, कोट वेगळे, हूड (जंतुरहित हवेची कपाटं) वेगळे, कधीही उलटा क्रम नाही. हे सगळं मी सांगितलं आणि सांगताना मलाच ते वकिली वाटलं.

फ्लास्कमध्ये ब्लीच घालण्याआधी दोन गोष्टी केल्या. थोडा मीडिया वेगळा काढला. आणि त्याच फ्लास्कमधून परवा पेरून पीएमए दिलेली सहा खणांची प्लेट उघडून बघितली. तिथेही तेच. पण मॅक्रोफेज कामाला लागले होते. एकाच्या पोटात चार अंडाकृती दाणे, आणि बाहेर अर्धवट लटकलेला पाचवा. इल्या मेचनिकॉव्हने १८८४ मध्ये पाणपिसवांमध्ये हेच बघितलं होतं: पारदर्शक पिसू, तिने गिळलेल्या यीस्टचे सुईसारखे टोकदार बीजाणू आतड्याची भिंत भेदून अंगात घुसतात आणि भक्षक पेशी त्यांच्याभोवती गोळा होतात. १९०८ मध्ये त्याला पॉल एर्लिखबरोबर नोबेल मिळालं. मला आज ऑटोक्लेव्हची (वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राची) रांग मिळाली.

२६ जुलै, शनिवार

चौकशी. हे यीस्ट आमचं की बाहेरचं?

बीवाय ४७४१ चार गोष्टी स्वतः बनवू शकत नाही: हिस्टिडीन, ल्युसीन, मेथिओनीन आणि युरॅसिल. या चारही नसलेल्या प्लेटवर ती उपाशी राहते. बुधवारी एकाच प्लेटचे दोन भाग करून एकीकडे आमचं यीस्ट, दुसरीकडे फ्लास्कमधलं रेघाटलं. आज सकाळी आमचा भाग कोरा. दुसऱ्या भागात पांढऱ्या, गुळगुळीत, टपोऱ्या कॉलनी.

मॅडम म्हणाल्या, एका पुराव्यावर थांबू नकोस. म्हणून अल्फा फॅक्टरही दिला. आमच्या पेशी नेहमीसारख्या श्मू झाल्या. पाहुण्याने ढुंकूनही बघितलं नाही, कळ्या काढत राहिला. एरवी जे प्रयोगासाठी वापरते ते आज ओळख परेडसाठी वापरलं.

तर आमचं नाही. मग कुणाचं? वॉटर बाथचं पाणी, इन्क्युबेटरमधला पाण्याचा ट्रे, हूडची कड, तिन्हीकडून बोळे फिरवून प्लेटवर लावले होते. वॉटर बाथवाल्या प्लेटवर तशाच दिसणाऱ्या कॉलनी आल्या. सारखं दिसणं म्हणजे तेच असणं नव्हे, पण मीडियात घालायच्या सीरमच्या बाटल्या त्याच पाण्यात मानेपर्यंत बुडवून गरम होतात आणि ते पाणी शेवटचं कधी बदललं याची नोंद कुठेच नाही. ज्युनिअरने हळूच सांगितलं की ती रोज पहाटे डोशाचं पीठ ढवळून मग निघते. आंबलेल्या पिठात यीस्ट असतंच. तिला म्हटलं, हात धुतेस ना, मग झालं. सिद्ध होण्यासारखं नाही आणि करायचंही नाही.

नियम: बाथचं पाणी दर सोमवारी बदलायचं, बाटलीची मान पाण्याच्या वर, बाहेर काढली की ७० टक्के अल्कोहोलने पुसायची. भिंतीवर कागद लावला. खाली सही माझी, म्हणजे पाणी बदलणारीही मीच.

गोठवलेल्या कुप्या चार होत्या, आता तीन. तीन आठवडे मागे.

५ ऑगस्ट, मंगळवार

नवीन पेशी येईपर्यंत जेलचा सराव. उंदराच्या शेपटीचं कोलॅजन आम्लात विरघळलेलं येतं. बर्फावर थंड असेपर्यंत द्रव. दहापट मीडिया आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच सारखा करायचा आणि ३७ अंशाला ठेवायचं, मग अर्ध्या तासात खरवसासारखं थरथरतं जेल. मीडियातला फिनॉल रेड सांगतो कुठे थांबायचं: पिवळा, केशरी, मग फिकट गुलाबी. गडद गुलाबी झाला तर पुढे गेलात. एक थेंब जास्त पडला की झालं. आज तीन वेळा पुढे गेले.

थंड कोलॅजन पिपेटमध्ये ओढणं म्हणजे पाक ओढणं. हळू ओढायचं, हळू सोडायचं, बुडबुडा येऊ द्यायचा नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पेशी आणि यीस्ट घालून पहिलं जेल. आणि अपेक्षेपेक्षा फारच चांगला निकाल: जेलमध्येही प्लेटइतकंच गिळलं गेलं. ताईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, "फोकस कुठे आहे?"

कळलं नाही. त्यांनी माझा हात धरून फोकसच्या चाकावर ठेवला. वर फिरवलं: काही नाही. आणखी वर: काही नाही. जेल जेमतेम एक मिलिमीटर जाड, त्यात वेगवेगळ्या उंचीवर पेशी लागायला हव्या होत्या, पावसाळ्यात दिव्याखाली किडे दिसतात तशा. पण सगळ्या पेशी, सगळं यीस्ट, एकाच पातळीवर. अगदी तळाला, काचेवर.

जेल घट्ट होण्याआधी सगळे खाली बसले होते. मी ज्याला ऊतकाचा नमुना म्हणत होते, ती प्लेटच होती, वर जेलीचं झाकण. मी काचेवरचंच गिळणं मोजलं आणि त्याला त्रिमितीय म्हटलं.

ताई म्हणाल्या, त्यांच्या पहिल्या वर्षात त्यांनी असा एक पूर्ण पोस्टर छापला होता. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबलेला नाही. ठाण्यात दहा नंबरवर पाऊण तास उभी. गाडी आली, ऐरोलीपुढे रखडली. साडेअकराला लॅबमध्ये. पेशींची विश्रांतीची वेळ सकाळी संपलेली होती, पाच तास जास्त झाले. नोंद करून ठेवतेय, नंतर हा दिवस वेगळा निघाला तर कारण हे. काका काल रात्री घरी गेलेच नाहीत, जनरेटरजवळ झोपले. इन्क्युबेटर ३७.० वर, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. त्यांना चहा.

२५ ऑगस्ट, सोमवार

उलथण्याची पद्धत बसली. काचेच्या तळाची डिश, मधल्या खळग्यात ७० मायक्रोलिटर मिश्रण. इतकं थोडं असलं की उलटं केलं तरी सांडत नाही, पृष्ठताण धरून ठेवतो. पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला डिश उलटी-सुलटी. ज्युनिअर फोनवर वेळ लावून "पलट" म्हणते आणि मी थालीपिठासारखी डिश पालथी करते. मिश्रण ओतण्याआधी जरा कोमट होऊ दिलं की ते लवकर धरतं, तेही उपयोगी पडलं.

आता चाक फिरवलं की पेशी एकामागून एक वर येतात आणि विरतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा दोघी उगाच हसलो.

नवा घोळ: ट्रिपॅन ब्लू जेलमध्ये चालत नाही. जेलमध्ये हळू शिरतो आणि कोलॅजनलाच चिकटून सगळं निळं करतो. त्याऐवजी लाल रंग लावलेलं कॉन्कॅनॅव्हॅलिन ए, जे यीस्टच्या मॅनानला धरतं. मारलेल्या नमुन्यात, पडदा न फोडता घातलं की बाहेरचं यीस्ट हिरवं आणि लाल, आतलं नुसतं हिरवं. ते मॅक्रोफेजच्या अंगालाही थोडं लागतं, त्यामुळे पेशीभोवती लाल कडा दिसते. डोळ्याला सवय होते.

४ सप्टेंबर, गुरुवार

तिसऱ्या मजल्यावरचा गरम स्टेजचा मायक्रोस्कोप दोन तास मिळाला. गणपतीच्या सुट्टीमुळे बुकिंग रिकामं. आम्ही दीड दिवसाचा बसवतो, म्हणून मी मोकळी.

जेलमध्ये चित्र बदललं. टीएचपी-१ पासून केलेले मॅक्रोफेज जेलमधून फारसे चालत नाहीत, जागच्या जागी हात पसरतात. त्यामुळे जे यीस्ट जवळ अडकलंय तेवढंच त्यांच्या वाट्याला. सपाट प्लेटवर यीस्ट घरंगळतं, वळतं, चिकटताना नेहमी आडवं पडतं. जेलमध्ये ते ज्या दिशेला अडकलं त्याच दिशेला राहतं, म्हणून टोकाने होणारे स्पर्श इथे जास्त दिसतात. हे मला आधी सुचायला हवं होतं. प्लेटवर श्मू कमी गिळले गेले, त्याचं एक कारण तिथे टोक पुढे येतच नव्हतं हेही असू शकतं.

दोन तासांत एकूण १९ स्पर्श नीट पकडता आले. टोकाने झालेल्या ८ पैकी ६ आत गेले, बाजूने झालेल्या ११ पैकी ३. एकोणीस म्हणजे काहीच नाही. मॅडमना आकडा न सांगता फक्त चित्रफीत दाखवली. एका फितीत मॅक्रोफेजने श्मूची सोंड पकडली, पडदा मोज्यासारखा वर वर चढत गेला, पोटाशी येऊन क्षणभर अडला आणि मग एकदम आत. मॅडमनी ती चार वेळा बघितली.

१० सप्टेंबर, बुधवार

मॅडमबरोबर बसले. गोल विरुद्ध श्मू ही तुलना सोडून द्यायची. आकारमान वेगळं, वय वेगळं, कवच वेगळं. त्याऐवजी एकाच श्मूची टोकाकडची बाजू आणि पोटाकडची बाजू. पेशी तीच, त्यामुळे मोठ्या घासाचा मुद्दा निघून जातो.

एक मुद्दा तरीही राहतो, आणि तो मॅडमनी नाही, ज्युनिअरने काढला. टोक निघताना तिथलं कवच नवीन बांधलं जातं. अल्फा फॅक्टरने काइटिन (कवचातला कडक घटक) वाढतं आणि ते सगळीकडे सारखं पसरत नाही. मग मॅक्रोफेजला टोकाचा आकार सापडतोय की टोकाचं ताजं कवच? कॅल्कोफ्लोअर व्हाइट या रंगाने काइटिन दिसेल. बीटा-ग्लुकन उघडं आहे का, हे डेक्टिन-१ चा विरघळणारा तुकडा लावून बघता येईल, पण तो महाग आहे. आधी कॅल्कोफ्लोअर, शेजारच्या लॅबकडे आहे, अर्धी नळी देतील.

तिसऱ्या मजल्याचं पुढचं बुकिंग १८ तारखेला, सकाळी नऊ ते अकरा. पेशी १४ ला पेरायच्या, म्हणजे ४८ आणि २४ तास धरून १७ ला तयार. बाथचं पाणी परवा बदलायचं राहिलं होतं, आज बदललं.